संत्र्याची हवाई निर्यात: मोर्शी-वरुडच्या बागायतदारांसाठी हिशेब, तयारी आणि जोखीम

मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यातील नागपुरी संत्र्याचा परदेशी बाजार म्हणजे मुख्यतः बांगलादेश. तिथे आयात शुल्क वर्षागणिक वाढत गेले. २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये असलेले शुल्क २०२३ मध्ये ८८ रुपयांवर पोहोचले. निर्यात मंदावली, त्याचा फटका बागेतील सौद्यांना बसला आणि बागायतदार आखाती देशांकडे पाहू लागले. पुढे १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्यामुळे संत्रा थेट विमानाने दुबईला का पाठवू नये, हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर दोन आकड्यांवर ठरते: मालाची किलोमागे किंमत किती आणि माल किती दिवस टिकतो. किंमत जास्त आणि टिकवण कमी असेल तर विमान योग्य. किंमत कमी आणि टिकवण बरी असेल तर जहाज योग्य. नागपुरी संत्रा दुसऱ्या गटात येतो. तरीही विमानाचा त्याला मर्यादित, पण महत्त्वाचा उपयोग आहे. तो कोणता आणि कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

कोणता माल विमानाने जातो?

महाराष्ट्रातून हवाई मार्गे जाणाऱ्या शेतमालात हापूस आणि केशर आंबा, भेंडी, हिरवी मिरची, कारली, शेवगा, कढीपत्ता, कापलेली फुले हे प्रमुख आहेत. यातील बहुतेक माल काढणीनंतर काही दिवसांतच उतरतो. जहाजाचा प्रवास त्याला झेपत नाही आणि परदेशी ग्राहक त्यासाठी जादा दर मोजतो.

नाशिकची द्राक्षे मात्र महाग असूनही युरोपला जहाजानेच जातात, कारण योग्य तापमानात ती काही आठवडे टिकतात. आपल्या भागातील उदाहरण म्हणजे अंजनगाव सुर्जी, अकोट परिसरातील पानपिंपरी. वाळवलेली पानपिंपरी किलोमागे महाग असली तरी ती खराब होत नाही, म्हणून तिला विमानाची घाई नाही. याउलट वरुड तालुक्यातील राजुरा बाजारच्या बाजारात येणारी हिरवी मिरची स्वस्त असली तरी नाशवंत आहे. आखाती देशांत दर चांगला असेल तेव्हा तिला विमानभाडे पेलवते, एरवी नाही. म्हणजे केवळ किंमत किंवा केवळ नाशवंतपणा पाहून चालत नाही. दोन्ही एकत्र पाहावे लागते.

संत्र्याची टिकवण

संत्रा तोडणीनंतर आंब्यासारखा पिकत नाही. झाडावर जी गोडी आली तेवढीच राहते. ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखली, तर चांगल्या प्रतीचा, जखम नसलेला नागपुरी संत्रा महिनाभराहून अधिक टिकतो. तापमान ४ अंशांखाली गेल्यास सालीवर तपकिरी खड्डे पडतात. ही थंडीची इजा फळ बाहेर काढल्यावर दिसते.

मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंतचा समुद्रप्रवास साधारण आठवडाभरात होतो. बंदरावरचे दिवस धरले तरी संत्र्याची टिकवण शिल्लक राहते. म्हणून आखाती बाजारासाठी वातानुकूलित कंटेनर हाच संत्र्याचा मुख्य मार्ग आहे.

विमानभाडे कशावर आकारतात?

विमान कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे घेते. आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि ६,००० ने भागावे.

- संत्र्याचे १० किलोचे खोके: ४५ × ३० × २५ = ३३,७५०. भागिले ६,००० = ५.६ किलो. भरलेल्या खोक्याचे प्रत्यक्ष वजन १०.८ किलो. आकारणी १०.८ किलोवर.
- कढीपत्त्याचे खोके: ६० × ४० × ४० = ९६,०००. भागिले ६,००० = १६ किलो. प्रत्यक्ष वजन ६ किलो. आकारणी १६ किलोवर.

हलक्या, फुगीर मालाला आकारमान महाग पडते, तर संत्र्यासारख्या रसदार फळाला वजन महाग पडते. संत्र्याच्या वजनाचा मोठा भाग पाणीच असतो आणि त्याचेही भाडे द्यावे लागते.

दर टप्प्यांवर असतात. ४५, १००, ३०० आणि ५०० किलोंवर दर उतरत जातो. त्यामुळे कधी कधी जास्त वजन दाखवणे स्वस्त पडते. समजा ४५ किलोंवरील दर १४० रुपये आणि १०० किलोंवरील दर १२० रुपये आहे. ९० किलो माल १४० रुपयांनी १२,६०० रुपये होतो. तोच १०० किलो धरून १२,००० रुपयांत जातो. याशिवाय इंधन अधिभार, सुरक्षा अधिभार, क्ष-किरण तपासणी आणि एअरवे बिलाचे शुल्क वेगळे असते. दरपत्रक घेताना सर्व शुल्कांसह किलोमागे एकूण रक्कम लेखी मागावी.

संत्र्याचा हिशेब: विमान आणि जहाज

खालील आकडे हिशेबाची पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. भाडे हंगामानुसार आणि इंधनानुसार बदलते. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी चालू दर भरून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

विमानाने ५०० किलो संत्रा, किलोमागे खर्च:

- बागेतील दर: ४० रुपये
- प्रतवारी, धुलाई, खोके: १५ रुपये
- मुंबईपर्यंत सामायिक वातानुकूलित गाडी: ८ रुपये
- कस्टम एजंट, कागदपत्रे, हाताळणी (६,००० रुपये भागिले ५०० किलो): १२ रुपये
- विमानभाडे ११० रुपये, खोक्यासह वजनावर: ११९ रुपये
- एकूण: १९४ रुपये

जहाजाने २० टन संत्रा, किलोमागे खर्च:

- बागेतील दर: ४० रुपये
- प्रतवारी, धुलाई, खोके: १५ रुपये
- बंदरापर्यंत वाहतूक: ८ रुपये
- कागदपत्रे व बंदर शुल्क (१ लाख रुपये भागिले २०,००० किलो): ५ रुपये
- कंटेनर भाडे (३ लाख रुपये भागिले २०,००० किलो): १५ रुपये
- एकूण: ८३ रुपये

जहाजाने ८ टक्के आणि विमानाने ३ टक्के नासाडी धरली, तरी विकण्याजोग्या किलोचा खर्च अनुक्रमे सुमारे ९० आणि २०० रुपये येतो. यावर आयातदार, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांचा नफा चढतो. आखाती बाजारात त्याच काळात इजिप्तची संत्री आणि पाकिस्तानचा किन्नो जहाजाने आलेला असतो. त्यांच्या शेजारी विमानाने आलेला आपला संत्रा दुप्पट किमतीला ठेवला, तर ग्राहक किती वेळा उचलेल याचा विचार करावा.

ढोबळ नियम असा: विमानभाडे हे आयातदाराने देऊ केलेल्या दराच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावे. वरील उदाहरणात भाडे ११९ रुपये आहे, म्हणजे आयातदाराचा दर किलोला किमान ३५० रुपयांच्या वर हवा. असा दर नियमित व्यापारात संत्र्याला मिळणे अवघड आहे.

आंबा आणि डाळिंबाचा धडा

अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला प्रवेश दिला. अट अशी की आंब्यावर किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात ही प्रक्रिया सुरू झाली, नंतर वाशी येथे पणन मंडळाची सुविधा आली. आंबा अमेरिकेत विमानाने जाऊ लागला आणि तिथल्या भारतीय कुटुंबांत त्याला गिऱ्हाईक मिळाले. विमानभाड्यामुळे तो महागच राहिला. म्हणून २०२२ मध्ये केशर आंब्याचा कंटेनर समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवून पाहण्यात आला.

डाळिंबाचेही तसेच. २०२३ मध्ये भगव्या डाळिंबाची चाचणी खेप विमानाने अमेरिकेत गेली. दरम्यान डाळिंब जास्त दिवस टिकवण्याचे प्रयोग झाले आणि २०२५ मध्ये पहिली व्यापारी खेप जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचली.

दोन्ही फळे संत्र्यापेक्षा महाग असूनही वाट एकच आहे: विमानाने बाजार उघडायचा आणि जहाजाने तो भरायचा. संत्र्यासाठीही हेच धोरण उपयोगी आहे. विमानाचा वापर पुढील कामांसाठी करावा.

1. आयातदाराला ५० ते १०० किलोचा नमुना दाखवण्यासाठी. आपला संत्रा सोलायला सोपा आणि रसाळ असतो. हे फोटोतून कळत नाही.
2. कंटेनर पाठवण्यापूर्वी खोके, लेबल, आकार आणि कागदपत्रे त्या देशात चालतात का, हे पाहण्यासाठी.
3. सणासुदीच्या भेटखोक्यांसाठी. येत्या काही वर्षांत रमजान महिना जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो. त्या काळात आखाती देशांत फळांची मागणी वाढते आणि आपला मृग बहार काढणीला येऊ लागतो.

कोणत्या विमानतळावरून?

बेलोराहून मुंबईला जाणारे एटीआर ७२ हे साधारण ७० आसनी छोटे विमान आहे. प्रवाशांचे सामान धरल्यावर मालासाठी फार जागा उरत नाही. परदेशी मालासाठी लागणारी कस्टम, शीतगृह आणि तपासणीची सोय असलेला विमानतळ गाठावाच लागतो.

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दोहा आणि शारजा या मार्गांवर प्रवासी सेवा चालत आली आहे. प्रवासी विमानाच्या पोटातील जागेत माल जातो. ही जागा मर्यादित असते आणि प्रवाशांचे सामान वाढले की माल पुढच्या विमानावर ढकलला जातो. नमुन्याच्या खेपेसाठी नागपूर जवळ आणि सोयीचे आहे. मोठ्या किंवा नियमित खेपेसाठी मुंबईहून विमाने जास्त, स्पर्धा जास्त आणि दरही सहसा कमी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण खुला झाल्याने नांदगाव खंडेश्वर किंवा धामणगाव भागातून चढून गाडी एका रात्रीत मुंबई गाठू शकते.

विमान तीन तासांचे, माल तीन दिवसांचा

मुंबई-दुबई उड्डाण सुमारे तीन तासांचे आहे. परंतु तोडणी, पॅकहाऊस, गाडी, विमानतळावरील तपासणी, उतरल्यावरची कस्टम आणि आयातदाराचे गोदाम हे सर्व धरले तर दोन ते तीन दिवस जातात. फळाचे जास्तीत जास्त नुकसान हवेत होत नाही, तर धावपट्टीजवळच्या उघड्या जागेत होते. तिथे माल उन्हात तासन् तास उभा राहू शकतो. म्हणून:

- फळ ओढून तोडू नये. कात्रीने देठ फळालगत कापावा. ओढल्याने देठाजवळची साल फाटते आणि तिथून हिरवी बुरशी शिरते.
- पाऊस किंवा दव असताना तोडणी करू नये. ओल्या सालीच्या तैलग्रंथी फुटून डाग पडतात.
- साल फुगलेले, मऊ पडलेले फळ बाजूला काढावे. एकूण विद्राव्य घटक १० टक्क्यांहून कमी असलेला माल निर्यातीसाठी घेऊ नये.
- तोडणीनंतर त्याच दिवशी पॅकहाऊसमध्ये पूर्वशीतकरण करावे.
- खोक्याला हवेची छिद्रे असावीत. थंड फळ अचानक गरम हवेत आले की त्यावर पाणी धरते आणि साधा पुठ्ठा ढासळतो. पाच थरांचा मजबूत पुठ्ठा वापरावा.
- खेपेत तापमान नोंदवणारे छोटे यंत्र ठेवावे. भरपाईचा दावा करताना हाच पुरावा असतो.

कागदपत्रे: इथे चूक चालत नाही

मे २०२५ मध्ये मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर नाकारल्या गेल्या. अमेरिकी यंत्रणेने विकिरणाच्या प्रमाणपत्रातील त्रुटीवर बोट ठेवले होते, आंब्यात कीड सापडल्याची तक्रार नव्हती. परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त असल्याने निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट करण्याचा मार्ग पत्करला. नुकसान सुमारे ५ लाख डॉलर सांगितले गेले. विमानाने पाठवलेल्या नाशवंत मालाला कागद दुरुस्त होईपर्यंत थांबायला वेळच नसतो.

आवश्यक कागदपत्रे अशी:

1. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड आणि बँकेच्या शाखेची कस्टमकडे नोंद.
2. अपेडाचे नोंदणी व सदस्यत्व प्रमाणपत्र.
3. आयातदार देशाला लागत असल्यास बागेची आणि पॅकहाऊसची अपेडाकडे नोंद.
4. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. हे केंद्राच्या वनस्पती संगरोध कार्यालयाकडून किंवा राज्य कृषी विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून मिळते.
5. कीडनाशक अवशेष चाचणीचा अहवाल, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा.
6. बीजक, पॅकिंग यादी, उत्पत्ती प्रमाणपत्र, शिपिंग बिल आणि एअरवे बिल.

सर्व कागदांवर मालाचे नाव, खोक्यांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन तंतोतंत सारखे असावे. आपल्या फळाला त्या देशात प्रवेश आहे का आणि कोणत्या अटींवर, हे सर्वांत आधी तपासावे. युरोपीय संघात, उदाहरणार्थ, लिंबूवर्गीय फळे देठकाडी आणि पानांशिवाय असावी लागतात. सजावटीसाठी ठेवलेले एक हिरवे पानही खेप अडवू शकते.

अवशेषांचा विचार बागेपासून करावा. अंतिम फवारणी आणि तोडणी यांतील प्रतीक्षा काळ पाळावा आणि फवारणीची वही ठेवावी. तोडणीनंतरचे मेण किंवा बुरशीनाशक आयातदार देशात मान्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

पैशाची सुरक्षितता

नव्या निर्यातदारांना न कळणारा मुद्दा हा आहे. जहाजाचे बिल ऑफ लेडिंग हे मालकी हक्काचे कागद असते. मूळ प्रत हाती असल्याशिवाय साधारणपणे माल सुटत नाही. एअरवे बिल तसे नसते. ते फक्त वाहतुकीचा करार आणि मालाची पावती आहे. त्यावर ज्याचे नाव आहे तो ओळख पटवून माल घेऊन जाऊ शकतो, पैसे दिलेले असोत वा नसोत.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, माल चढण्यापूर्वी पूर्ण किंवा बहुतांश रक्कम आगाऊ घेणे. दुसरा, आयातदाराच्या बँकेची संमती घेऊन एअरवे बिल त्या बँकेच्या नावे करणे. तिसरा, भारतीय निर्यात पतहमी महामंडळाचा, म्हणजे ईसीजीसीचा विमा घेणे. ओळखीच्या ओळखीवर उधार माल विमानाने पाठवू नये.

वाहतुकीत नुकसान झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी माँट्रियल कराराने मर्यादित केली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा किलोमागे २६ विशेष आहरण हक्क, म्हणजे साधारण तीन हजार रुपयांच्या घरात आहे. संत्र्याला ती पुरेशी आहे. त्याहून महाग मालासाठी मात्र किंमत आधी जाहीर करून जादा शुल्क भरावे किंवा स्वतंत्र मालविमा घ्यावा. फळाच्या स्वतःच्या दोषामुळे झालेली नासाडी कंपनी भरून देत नाही. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराबद्दलची २१ दिवसांत करावी लागते.

'विमानाने दुबईला माल लावून देतो' असे सांगून बागेवर येणाऱ्या मध्यस्थांकडे आयात-निर्यात कोड, अपेडा नोंदणी आणि आयातदाराची लेखी मागणी दाखवण्याचा आग्रह धरावा. हे तीन कागद नसतील तर नोंदणी शुल्काच्या नावाखाली पैसे देऊ नयेत आणि बागेचा सौदाही अडकवू नये. तोडणी लांबली की फळ फुगते, गळते आणि स्थानिक दरही हातचा जातो.

निर्णयापूर्वी विचारायचे प्रश्न

- आयातदाराने दर लेखी दिला आहे का? तो बागेचा, विमानतळाचा की त्याच्या गोदामात पोहोचलेला?
- सर्व शुल्कांसह किलोमागे विमानभाडे किती? ते दराच्या एक तृतीयांशाच्या आत आहे का?
- हाच माल जहाजाने गेला तर टिकेल का? टिकत असेल तर विमान कशासाठी?
- खेप नाकारली गेली तर पूर्ण रक्कम बुडणे झेपेल का?

एकट्या बागायतदाराला २० टन एकसारखा निर्यातक्षम माल जमवणे कठीण असते. कंटेनरसाठी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गटाने एकत्र येणे गरजेचे आहे. आंबिया बहाराच्या तोडणीपूर्वी किमान दोन महिने गटाने बागा निवडाव्यात, फवारणीच्या नोंदी तपासाव्यात आणि अवशेष चाचणी करून घ्यावी. तोडणी सुरू होताच नमुन्याची एक खेप विमानाने पाठवून आयातदाराचा अभिप्राय आणि लेखी मागणी घ्यावी. कंटेनर त्यानंतरच भरावा.